रजोनिवृत्तीचे निदान आणि हॉर्मोनच्या रक्त तपासण्या : किती आवश्यक, किती अनावश्यक?

दरवर्षी १८ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा संत लूक यांचा सण साजरा करते. तिसऱ्या शुभवर्तमानाचे लेखक असलेले संत लूक हे व्यवसायाने वैद्य होते, असे संत पौल यांच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून कळते. म्हणूनच ते डॉक्टरांचे आश्रयदाते संत मानले जातात. योगायोगाची गोष्ट अशी की, हाच १८ ऑक्टोबर जगभर 'जागतिक रजोनिवृत्ती दिन' म्हणूनही पाळला जातो. आपल्या धर्मग्रामांतून संत लूक यांच्या सणाला आजाऱ्यांसाठी व डॉक्टरांसाठी प्रार्थना होते, परंतु या दुसऱ्या विषयाचा उच्चार मात्र क्वचितच होतो. ज्या विषयाचा संबंध प्रत्येक आईशी, प्रत्येक बहिणीशी आहे, तो विषय संकोचापोटी बाजूला राहावा हे योग्य नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने त्रस्त झालेल्या एका स्त्रीची हकिगत आहे. संत मार्क सांगतात की, तिने पुष्कळ वैद्यांचे उपचार घेतले, जवळचे होते नव्हते ते सारे खर्च केले आणि तरीही तिला गुण आला नाही, उलट दुखणे वाढतच गेले. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचताना आपल्या डोंगराळ तालुक्यांतील एखाद्या माउलीचीच कथा वाचत आहोत असा भास होतो. फरक इतकाच की, आज तिचा पैसा केवळ औषधांवर नव्हे, तर अनेकदा गरज नसलेल्या तपासण्यांवरही खर्च होतो.

पोशेऱ्यासारख्या गावातील माउली

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील पोशेरा हे गाव डोळ्यांसमोर आणू या. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके डोंगरदऱ्यांचे, पावसाळ्यात धो धो पावसाचे आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करायला लावणारे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे येथील प्रमुख समाज. भात, नागली आणि वरई ही पिके. पीक हाती आले की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी वसई, भिवंडी, ठाणे, नाशिक अशा ठिकाणी स्थलांतर करतात.

अशा गावातील सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीची कल्पना करा. वर्षभरापासून तिची पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी तीन. रात्री अचानक अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. चिडचिड होते, सांधे दुखतात. घरात हे कोणाला सांगायचे? शेवटी ती कोणाच्या तरी सोबतीने शहरातील दवाखान्यात जाते. तेथे तिला दोन मिनिटांत तपासण्यांची एक चिठ्ठी मिळते. एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन, कधी एएमएच अशी ती यादी असते. खासगी प्रयोगशाळेत यांतील एकेका तपासणीला काही शे रुपये आणि सगळ्या मिळून काही हजार रुपये लागतात. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीची दैनंदिन मजुरी ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे त्या एका चिठ्ठीत तिची कित्येक दिवसांची मजुरी, शिवाय गाडीभाडे आणि बुडालेला रोज. आणि एवढे करून तिला जे उत्तर मिळते ते बहुधा तिच्या वयाने व तिच्या पाळीने आधीच दिलेले असते.

रजोनिवृत्ती म्हणजे काय?

स्त्रीच्या अंडाशयांमध्ये जन्मापासूनच स्त्रीबीजांचा ठरावीक साठा असतो. वय वाढते तसा तो कमी होत जातो. तो संपत आला की अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन, प्रथम कमीजास्त होऊ लागते आणि नंतर घटते. पाळी अनियमित होते व पुढे कायमची थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्यामागे गरोदरपण, स्तनपान, औषध किंवा आजार असे अन्य कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे समजतात. म्हणजे ही गोष्ट मागे वळून पाहतानाच निश्चित सांगता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बहुतेक स्त्रियांना ४५ ते ५५ या वयात रजोनिवृत्ती येते. भारतीय स्त्रियांत ती पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा लवकर, सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते असे आढळले आहे. त्याआधीचा संक्रमणाचा काळ सर्वसाधारणपणे चार वर्षांचा असतो, काहींमध्ये तो कमी तर काहींमध्ये बराच अधिक असतो. वाफा येणे, घाम येणे, झोप उडणे, मन उदास होणे, योनिमार्ग कोरडा पडणे, लघवीला वारंवार जावे लागणे ही लक्षणे याच काळात जाणवतात. काहींना ती फारशी जाणवत नाहीत, तर काहींना ती असह्य होतात.

रजोनिवृत्ती हा आजार नव्हे. बालपण, तारुण्य, मातृत्व यांप्रमाणे तीही परमेश्वराने स्त्रीदेहाला घालून दिलेल्या क्रमातील एक पायरी आहे. मात्र ती आजार नाही म्हणून तिच्यातील त्रासाकडे दुर्लक्ष करावे असाही अर्थ कोणी काढू नये. त्रासावर उपचार आहेत आणि ते मागण्याचा स्त्रीला अधिकार आहे.

रक्त तपासणी कशासाठी केली जाते?

मेंदूच्या तळाशी पियूषिका नावाची छोटी ग्रंथी असते. ती एफएसएच हे संप्रेरक रक्तात सोडून अंडाशयाला काम करण्याचा इशारा देते. अंडाशयाने इस्ट्रोजेन व इन्हिबिन पुरेसे तयार केले की पियूषिका आपला इशारा कमी करते. अंडाशय थकू लागले की मात्र तिला अधिक जोराने इशारा द्यावा लागतो आणि रक्तातील एफएसएच वाढते. विहिरीचे पाणी खाली गेले की पोहरा अधिक वेळा टाकावा लागतो, तसेच काहीसे हे आहे.

यावरून एफएसएच मोजले की रजोनिवृत्ती कळेल, हा तर्क वरकरणी अगदी बरोबर वाटतो. अडचण अशी की, संक्रमणाच्या काळात हे प्रमाण स्थिर नसते. ज्या महिन्यात अंडाशय काम करते त्या महिन्यात एफएसएच खाली येते, पुढच्या महिन्यात ते एकदम वाढते. आज घेतलेले रक्त आणि तीन आठवड्यांनी घेतलेले रक्त यांचे अहवाल एकमेकांच्या अगदी विरुद्ध येऊ शकतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचा अहवाल 'नॉर्मल' आला म्हणून ती संक्रमणात नाही असे म्हणता येत नाही. तसेच अहवाल वाढलेला आला म्हणून तिची पाळी पुन्हा येणारच नाही किंवा गर्भ राहणारच नाही, असेही म्हणता येत नाही. मग ज्या तपासणीचे उत्तर 'होय' आले काय किंवा 'नाही' आले काय, निदान आणि उपचार बदलत नाहीत, ती करायची कशासाठी?

वैद्यकशास्त्राचा निर्वाळा

हे केवळ आमचे मत नव्हे. ब्रिटनमधील 'नाइस' ही संस्था तेथील डॉक्टरांसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवते. तिने नोव्हेंबर २०१५ मध्ये रजोनिवृत्तीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती अद्ययावत केली. तिचा सल्ला सुस्पष्ट आहे. ४५ वर्षांवरील, अन्यथा निरोगी असलेल्या स्त्रीला वाफा येत असतील आणि पाळी अनियमित झाली असेल, तर रक्त न तपासता संक्रमणाचे निदान करावे. बारा महिने पाळी आली नसेल आणि स्त्री हॉर्मोनयुक्त गर्भनिरोधके घेत नसेल, तर रजोनिवृत्तीचे निदान करावे. गर्भाशय काढलेले असल्यास लक्षणांवरून ठरवावे. या वयोगटात निदानासाठी एएमएच, इन्हिबिन, इस्ट्रॅडिऑल या तपासण्या किंवा अंडाशयाचा आकार मोजण्यासाठी सोनोग्राफी करू नये, असेही त्यात नमूद आहे.

संततिप्रतिबंधक गोळ्या घेत असलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर एफएसएचचा अहवाल दिशाभूल करणारा असतो, कारण गोळीतील हॉर्मोनमुळे पियूषिकेचा इशाराच दबलेला असतो.

प्रजननाच्या वयाचे टप्पे ठरवण्यासाठी २०११ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन निकष निश्चित केले. त्यांनीही मुख्य आधार पाळीच्या वेळापत्रकालाच दिला आणि रक्तातील हॉर्मोनना केवळ पूरक स्थान दिले. अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेल्या एका मोहिमेत तेथील वैद्यकीय संघटनांनी आपापल्या शाखेतील अनावश्यक तपासण्यांच्या याद्या स्वतःहून जाहीर केल्या. 'अधिक तपासण्या म्हणजे अधिक चांगले उपचार' ही समजूत वैद्यकशास्त्रच आता मागे टाकत आहे.

तपासणी केव्हा आवश्यक आहे?

याचा अर्थ एफएसएच तपासणी निरुपयोगी आहे असा मात्र कोणी करून घेऊ नये. योग्य ठिकाणी ती अत्यंत मोलाची आहे.

पहिली बाब, वय चाळिशीच्या आत असताना पाळी काही महिने थांबली असेल, तर तपासणी केलीच पाहिजे. याला अकाली अंडाशय-दुर्बलता म्हणतात. एकाच अहवालावर विसंबण्याऐवजी सहसा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा रक्त तपासून खात्री करतात. अशा स्त्रीला दीर्घकाळ इस्ट्रोजेनविना राहावे लागल्यास तिची हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हॉर्मोन उपचार देण्याचा विचार केला जातो. येथे तपासणीने उपचार बदलतो, म्हणून ती आवश्यक ठरते.

दुसरी बाब, वय ४० ते ४५ च्या दरम्यान असून लक्षणे असतील आणि पाळीत बदल झाला असेल, तर डॉक्टर एफएसएच तपासण्याचा विचार करू शकतात.

तिसरी बाब, पाळी थांबण्यामागे अन्य कारणाचा संशय असेल तेव्हा त्या त्या कारणाची तपासणी करावी लागते. चाळिशीतही गर्भ राहू शकतो. म्हणून पाळी चुकली की सर्वांत आधी गरोदरपणाची साधी लघवी तपासणी करावी. त्यासाठीचा 'निश्चय' संच आशाताईंमार्फत देण्याची सोय आहे. गळ्याशी सूज, वजनातील बदल, अतिशय थकवा अशी लक्षणे असल्यास थायरॉइडची तपासणी, दीर्घकाळचा ताप, खोकला व वजन घटणे असल्यास क्षयरोगाची तपासणी, आणि थकवा व फिकटपणा असल्यास हिमोग्लोबिन तपासणे अगत्याचे आहे. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोषही आढळतो, तेव्हा रक्तक्षयाच्या मागे तो नाही ना, हेही पाहिले पाहिजे.

वाचकहो, येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. पाळी जाऊन बारा महिने उलटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, मग तो एक डाग का असेना, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. 'पाळी परत आली' म्हणून आनंद मानू नये किंवा लपवूही नये. गर्भाशयाच्या अस्तराच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते. संक्रमणकाळात अतोनात रक्तस्राव होणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिपत्नीच्या संबंधांनंतर रक्त जाणे हेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. अशा वेळी शारीरिक तपासणी, सोनोग्राफी आणि गरजेनुसार अस्तराचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते. येथे हॉर्मोनच्या अहवालात वेळ दवडणे हाच मोठा धोका आहे.

वयच ठाऊक नसेल तर?

वरील सारा विचार '४५ वर्षे' या एका आकड्यावर उभा आहे. परंतु मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवरील अनेक प्रौढ स्त्रियांना आपली जन्मतारीख नेमकी ठाऊक नसते. आधारपत्रावर पुष्कळदा १ जानेवारी अशी ढोबळ तारीख आणि अंदाजाने घातलेले साल असते. मग वय कसे ठरवावे?

थोडा वेळ देऊन विचारपूस केली तर हे अवघड नाही. पहिल्या मुलाचा किंवा मुलीचा शाळेच्या दाखल्यावरील जन्म कोणत्या वर्षीचा, लग्न होऊन किती पावसाळे गेल्यावर ते मूल झाले, हे विचारावे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची दुःखद आठवण या भागातील जुन्या लोकांच्या मनात आजही ताजी आहे. त्या वेळी जी मुलगी बारा वर्षांची होती, ती २०२५ मध्ये पंचेचाळीस वर्षांच्या आसपास पोहोचली. धाकटी बहीण, शेजारीण, बरोबरीची मैत्रीण यांच्या वयावरूनही अंदाज बांधता येतो. कॅथलिक कुटुंबांच्या बाबतीत तर धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची नोंदवही हा भरवशाचा पुरावा आहे. रक्ताच्या महागड्या अहवालापेक्षा अशी दहा मिनिटांची विचारपूस अनेकदा अधिक उपयोगी ठरते. एवढे करूनही वय चाळिशीच्या आतले असावे अशी शंका उरली, तर मात्र तपासणी टाळू नये.

अनावश्यक तपासणीने काय बिघडते?

'तपासून घेतले तर बिघडले काय? खात्री तर होते,' असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे.

अहवाल 'नॉर्मल' आला की त्या स्त्रीला 'तुला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत,' असे सांगितले जाते. तिचा त्रास खरा असूनही तिच्यावरच अविश्वास दाखवला जातो. अहवाल वाढलेला आला की घाबरगुंडी उडते. 'पिशवी खराब झाली' हे शब्द कानी पडतात, पुढच्या तपासण्या लागतात आणि कधी कधी प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

या भीतीची किंमत आपल्या महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. कामात खंड पडू नये ही गरज, कर्करोगाची दाखवलेली भीती आणि योग्य सल्ल्याचा अभाव अशी त्यामागची कारणे चर्चिली गेली. पुढे केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि ती राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. बीडच्या भगिनींची गोष्ट हॉर्मोनच्या तपासणीची नव्हे, हे खरे. परंतु पाळीच्या तक्रारीसाठी गेलेल्या गरीब स्त्रीला समजावून सांगण्याऐवजी घाबरवले की काय होते, याचा तो धडा आहे. आपल्या तालुक्यांतील स्त्रियाही स्थलांतर करणाऱ्या मजूरच आहेत, हे विसरता कामा नये.

आणखी एक तोटा म्हणजे अनावश्यक तपासणीवर पैसे संपले की आवश्यक तपासणी राहून जाते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून रक्तदाब आणि रक्तातील साखर पाहणे गरजेचे आहे. हिमोग्लोबिन पाहणे गरजेचे आहे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणी ३० ते ६५ वर्षे वयोगटासाठी दर पाच वर्षांनी करण्याची योजना केंद्र शासनाने २०१६ मध्ये आखली. यांपैकी किती तपासण्या आपल्या घरातील आईच्या झाल्या आहेत, याचा प्रत्येकाने विचार करावा.

महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'महालॅब' योजनेतून रक्त-लघवीच्या अनेक तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रांमधून मोफत होत आल्या आहेत. तेव्हा आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय आणि जव्हारचे पतंगशहा रुग्णालय ही वाट आधी चोखाळावी.

असे का घडते?

सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. दवाखान्यातील गर्दीत पाळीचा इतिहास विचारण्यास वेळ लागतो, चिठ्ठी लिहिण्यास लागत नाही. वारली किंवा कातकरी बोली बोलणारी स्त्री पुरुष डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलत नाही. प्रयोगशाळा 'स्त्री आरोग्य पॅकेज' अशा आकर्षक नावाखाली दहा तपासण्या एकत्र विकतात. कमिशनची कीडही आहेच. आणि आपणही काही कमी नाही. 'रिपोर्ट काढला नाही, म्हणजे डॉक्टरने नीट तपासलेच नाही,' असे म्हणणारे आपल्याच घरात असतात. हातात कागद आला की आपले समाधान होते. ज्या डॉक्टरांनी वेळ देऊन ऐकून घेतले, समजावून सांगितले आणि 'तपासणीची गरज नाही' असे प्रामाणिकपणे म्हटले, त्यांचे आभार मानायला आपण शिकले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

पाळीची नोंद ठेवणे हा यातील सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय आहे. प्रत्येक घरात भिंतीवर दिनदर्शिका असते. पाळी ज्या दिवशी सुरू होईल त्या तारखेवर एक खूण करावी. अक्षरओळख नसली तरी खूण करता येते. वर्षभराची ती दिनदर्शिका डॉक्टरांसमोर ठेवली तर अनेक तपासण्यांपेक्षा अधिक माहिती मिळते. सोबत वाफा किती वेळा येतात, झोप कशी लागते, रक्तस्राव किती होतो हे सांगावे.

कोणी तपासणी सुचवली तर नम्रपणे प्रश्न विचारावेत. ही तपासणी कशासाठी? अहवाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार आहे का? ती केली नाही तर काही धोका आहे का? ती सरकारी रुग्णालयात होईल का? चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

त्रास अधिक असेल तर उपचार मागावेत. हॉर्मोनचे उपचार सुरू करताना वा त्यांची मात्रा ठरवताना सर्वसाधारणपणे लक्षणेच पाहिली जातात, दर वेळी रक्ताची पातळी मोजावी लागत नाही. मात्र स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार अशा पूर्वेतिहासाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी आणि कोणतेही औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. आहारात नागलीला मानाचे स्थान द्यावे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे आपल्या डोंगरातील शेतकऱ्यांचे वैभव आहे. तंबाखू व मिश्री सोडावी.

ज्या दांपत्यांनी ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा मार्ग स्वीकारला आहे, त्यांनी या काळात प्रशिक्षित मार्गदर्शकांचा सल्ला पुन्हा घ्यावा, कारण संक्रमणकाळात शरीराची चिन्हे अनियमित होतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असल्यास दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर थांबली असल्यास एक वर्ष गर्भधारणेची शक्यता पूर्णपणे संपलेली नसते, असे डॉक्टर मानतात. एफएसएचच्या एका अहवालावर विसंबून याचा निर्णय करू नये.

धर्मग्रामांतून आणि संस्थांतून आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या बंधुभगिनींना आमची एक विनंती आहे. शिबिरात सरसकट हॉर्मोनच्या तपासण्या ठेवू नयेत. त्याऐवजी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कर्करोगाची प्राथमिक चाचणी आणि एखाद्या डॉक्टरताईंशी किंवा परिचारिका धर्मभगिनींशी निवांत बोलण्याची सोय ठेवावी. महिला मंडळांत आणि लहान ख्रिस्ती समूहांच्या सभांत वर्षातून एकदा तरी या विषयावर मोकळी चर्चा व्हावी, आणि तिला पुरुषांनीही बसावे. पत्नीला रात्री झोप का लागत नाही, आई अचानक का चिडते, हे पतीला आणि मुलांना कळले तर अर्धा त्रास तेथेच हलका होईल.

ऐकून घेणारा वैद्य

शुभवर्तमानातील त्या स्त्रीकडे पुन्हा एकदा वळू या. गर्दीतून येऊन तिने प्रभू येशूच्या वस्त्राला हळूच स्पर्श केला आणि ती बरी झाली. प्रभू तसेच पुढे गेले असते तरी चालले असते. परंतु घाई असतानाही ते थांबले. आपल्याला कोणी स्पर्श केला हे त्यांनी विचारले आणि भीत भीत पुढे आलेल्या त्या स्त्रीने आपली सारी हकिगत त्यांना सांगितली. बारा वर्षांत कदाचित पहिल्यांदाच कोणीतरी तिचे शेवटपर्यंत ऐकून घेतले होते. मग प्रभूंनी तिला मुलगी म्हणून हाक मारली आणि शांतीने पाठवले.

रजोनिवृत्तीच्या निदानाचे सारे मर्म याच प्रसंगात आहे, असे आम्हाला वाटते. पंचेचाळिशी ओलांडलेली स्त्री आपले वय, आपली पाळी आणि आपला त्रास सांगते तेव्हा तिच्या शब्दांत निदान असते. ते ऐकायला कान हवेत, वेळ हवा आणि आदर हवा. पोशेऱ्याच्या पाड्यावरील माउलीला तो आदर मिळावा, तिच्या घामाचा पैसा गरजेच्या ठिकाणीच खर्च व्हावा आणि गरजेची तपासणी मात्र तिला कधी नाकारली जाऊ नये, हीच संत लूक यांच्या मध्यस्थीने परमेश्वरचरणी आमची प्रार्थना.